‘आय हॅव सीन हिम येस्टरडे’ म्हटलं तर चुकलं काय?

प्रश्न: मी लालबागला राहते, बॅलार्ड इस्टेटला एका क्लिअरिंग एजंटच्या (कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्याच्या) ऑफिसात २००९ पासून कामाला आहे. शाळा मराठी मीडियम, इंग्रजी पाचवीपासून. इतकी वर्षं डॉक्युमेंटचं काम होतं त्यामुळे बोलायची वेळच यायची नाही. आता प्रमोशन झालं आणि दुबई, रॉटरडॅमच्या क्लायंटचे मेल आणि कॉल माझ्याकडे आलेत. बारा काळांचा तक्ता पाठ आहे, फ्रिजवर चिकटवलाय, पण बोलताना त्यातलं एकही आठवत नाही. मागच्या आठवड्यात मीटिंगमध्ये मी ‘आय हॅव सीन हिम येस्टरडे’ म्हटलं तर एका नव्या मुलाने सगळ्यांसमोर करेक्ट केलं, दोघंतिघं हसले. घरी मुलगी आठवीत सेमी इंग्लिशला आहे, ती पण हसते. एक क्लासवाले म्हणतात तीस दिवसांत सगळे टेन्स करून देतो. लावू का क्लास? माझा एक मेल सोबत पाठवतेय, कुठे चुकते सांगा.
– एक वाचक, लालबाग

उत्तर:

ताई, आधी तुमचा मेलच वाचला मी, दोनदा वाचला. पाच ठिकाणी काळ चुकलाय. पण त्या पाचातली एकही चूक अशीतशी, अंदाजपंचे झालेली नाहीये, प्रत्येकीच्या मागे एक अगदी नीट मराठी वाक्य उभं आहे. म्हणजे तुमच्या डोक्यात वाक्य बरोबर तयार होतंय, फक्त मराठी क्रियापदाचा एकेक तुकडा उचलून तुम्ही त्याच्या जागी इंग्रजी तुकडा ठेवताय आणि नेमकं तिथे गडबड होते, कारण मराठी आणि इंग्रजी दोघी वेळ वेगवेगळ्या जागी तोडतात. तक्ता पाठ करून हे सुटत नाही. तक्ता इंग्रजीकडून सुरू होतो, तुम्ही मराठीकडून निघता, त्यामुळे तो तुम्हाला ऐन वेळी सापडतच नाही आणि त्यात तुमची काही चूक नाही.

आणि ते बारा काळ बघून घाबरू नका हो. इंग्रजी क्रियापदाची खरी काळाची रूपं दोनच, गो आणि वेन्ट. भविष्यासाठी वेगळं रूप नाहीच, तिथे विल जोडून भागवतात. बाकी सगळा तक्ता दोन जोड्यांनी बनलेला आहे, एक म्हणजे बी आणि आयएनजी (चालू आहे), दुसरी हॅव आणि तिसरं रूप (झालंय, आणि आत्ताशी संबंध आहे). विल धरून तीन काळ, गुणिले चार प्रकार (साधा, या दोन जोड्या आणि दोन्ही एकत्र) म्हणून बारा. त्यातलं ‘विल हॅव बीन गोइंग’ तुम्हाला या नोकरीत कधी लागेल असं मला वाटत नाही, सोडून द्या ते. तुम्हाला रोज लागणारे चारपाचच आहेत. उलट मराठीत बघा, केला केली केलं केले केल्या, म्हणजे कर्माप्रमाणे क्रियापद बदलतं आणि हे तुम्ही लहानपणापासून न अडखळता बोलताय, इंग्रजीत ‘डिड’ म्हटलं की झालं, मी असो ती असो ते असोत, तेच. अवघड भाषा तुम्हाला ऑलरेडी येतेय.

आता तुमचं ते मीटिंगमधलं वाक्य घेऊ. मराठीत आपण सर्रास म्हणतो, ‘काल बघितलंय मी त्याला’. त्या ‘बघितलंय’मधला य म्हणजे ‘आहे’, बघितलं आहे, आणि शाळेत आपल्याला शिकवलेलं असतं की केलं आहे म्हणजे हॅव डन, पूर्ण वर्तमानकाळ. मग आपण सरळ ‘आय हॅव सीन हिम येस्टरडे’ म्हणतो. मराठीला ‘आहे’ आणि ‘काल’ शेजारी बसलेले चालतात, इंग्रजीला चालत नाहीत, एवढीच गोष्ट आहे. हॅव लावलं की इंग्रजी माणूस समजतो की ही आत्ताची गोष्ट चाललीये, कधी झालं ते महत्त्वाचं नाही, झालंय हे महत्त्वाचं. आणि येस्टरडे म्हटलं की ती वेळ संपलेली. म्हणून वाक्यात संपलेली वेळ बोलून दाखवली असेल, काल, सोमवारी, मागच्या महिन्यात, दहा वाजता, २०१५ मध्ये, तर हॅव काढून टाका, सरळ दुसरं रूप. ‘आय सॉ हिम येस्टरडे.’ ‘व्हेन’ने प्रश्न विचारला तरी तेच, ‘व्हेन हॅव यू सेंट द डॉक्युमेंट्स’ नाही, ‘व्हेन डिड यू सेंड’. वेळ सांगितलीच नसेल किंवा वेळ अजून चालू असेल, टुडे, धिस वीक, सो फार, तर हॅव चालतं: ‘वी हॅव रिसीव्ह्ड टू कंटेनर्स धिस वीक’, कारण आठवडा अजून संपला नाहीये.

एक सांगते, बरं वाटेल. तुमचा रॉटरडॅमचा क्लायंट डच असेल तर त्याच्या भाषेत ‘मी त्याला काल बघितलं’ हे वाक्य हॅव लावूनच बनतं. जर्मनमध्येही तसंच, फ्रेंचमध्येही तसंच. त्यामुळे इंग्रजी शिकताना त्या लोकांची हीच्या हीच चूक होते, अगदी येस्टरडेसकट. मीटिंगमध्ये जे हसले त्यांना हे माहीत नसणार.

आता मेल. तुम्ही लिहिलंय:

‘वी हॅव फाइल्ड द बिल ऑफ एंट्री ऑन मंडे. द कंटेनर इज लाइंग अ‍ॅट द पोर्ट सिन्स थ्री डेज. वी आर नॉट हॅविंग द ओरिजिनल डॉक्युमेंट्स. द शिपिंग लाइन हॅड टोल्ड अस येस्टरडे दॅट दे विल रिलीज द डिलिव्हरी ऑर्डर. इफ यू विल सेंड द पेमेंट टुडे, वी विल क्लिअर इट टुमारो.’

पहिलं वाक्य तुम्ही आता स्वतःच दुरुस्त कराल, मंडे आलंय तर ‘वी फाइल्ड’. मंडे काढून टाकला तर ‘वी हॅव फाइल्ड द बिल ऑफ एंट्री’ अगदी बरोबर आहे, क्लायंटला तेवढंच हवं असेल तर तसं लिहा.

दुसरं वाक्य मात्र नीट बघा, तुमच्या धंद्यात हे सगळ्यात महागाचं वाक्य आहे. आपण म्हणतो ‘कंटेनर तीन दिवसांपासून पोर्टला पडलाय’. मराठीत सोमवारपासूनला पण पासून आणि तीन दिवसांपासूनला पण पासून, म्हणून आपण दोन्हीकडे सिन्स टाकतो. इंग्रजीत सिन्सच्या पुढे सुरुवात कधी झाली तो क्षण येतो, सिन्स मंडे, सिन्स २००९, सिन्स धिस मॉर्निंग, आणि किती वेळ ते सांगायचं तर फॉर, फॉर थ्री डेज. हे झालं पहिलं. दुसरं म्हणजे ‘पडलाय’ हे आपल्याला आत्ताचं वाटतं म्हणून ‘इज लाइंग’ येतं, पण इंग्रजीत मागे कधीतरी सुरू होऊन अजून चालू असेल आणि तुम्ही कधीपासून किंवा किती वेळ ते सांगत असाल तर हॅव लागतंच: ‘द कंटेनर हॅज बीन लाइंग अ‍ॅट द पोर्ट फॉर थ्री डेज.’ आता याच्या जागी कुणी घाईत ‘द कंटेनर वॉज अ‍ॅट द पोर्ट फॉर थ्री डेज’ लिहिलं तर वाचणारा काय समजेल? की तीन दिवस होता, आता निघाला. फ्री डेज, म्हणजे पोर्टला फुकट ठेवायचे दिवस, संपल्यावर रोजचे पैसे (डिमरेज) लागतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये. तो तिकडे निवांत बसेल माल सुटला समजून आणि इकडे डिमरेज चढत राहील. ‘हॅज बीन’ म्हणजे अजून आहे, ‘वॉज’ म्हणजे होता. काळ म्हणजे नुसतं ग्रामर वाटतं आपल्याला पण इथे तो बिलावर येतो. म्हणून माझं म्हणणं असं की बाकी कुठे थोडं इकडेतिकडे झालं तर चालेल, ही जागा पक्की करा.

हीच जागा तुमच्या अप्रेझल फॉर्ममध्येही येईल बरं का. ‘आयम वर्किंग हिअर सिन्स २००९’ हे आपल्याकडे इतकं चालतं की ऑफिसात कुणाच्या कानाला खटकतही नाही, पण नीट वाक्य आहे ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स २००९’. आणि ‘आय वर्क्ड हिअर’ लिहिलंत तर तुम्ही नोकरी सोडली असा अर्थ होतो, तेवढं सांभाळा.

‘वी आर नॉट हॅविंग’ हे ‘आमच्याकडे नाहीयेत’ मधून आलं. आपल्या बोलण्यात सगळीकडे तो ‘य’ चिकटलेला असतो, माहितीये, समजतंय, हवंय, वाटतंय, आणि कानाला ते सगळं चालू चालू वाटतं म्हणून आयम नोइंग, आयम अंडरस्टँडिंग होतं. इंग्रजीत नो (माहीत असणं), अंडरस्टँड, वॉन्ट, नीड, बिलाँग ही क्रिया समजत नाहीत, अवस्था समजतात, त्यांना सहसा आयएनजी लावत नाहीत. हॅव म्हणजे जवळ असणं, तिथेही नाही. ‘वी डू नॉट हॅव द ओरिजिनल डॉक्युमेंट्स’, झालं. हॅव म्हणजे जेवणं असेल तर मात्र चालतं, ‘आयम हॅविंग लंच’, कारण तिथे खरंच काहीतरी चाललंय. मुलगी कदाचित मॅकडोनाल्ड्सचं ‘आयम लव्हिन इट’ दाखवेल, २००३ पासूनचं घोषवाक्य आहे ते, तर तिला सांगा की जाहिरातवाले लक्ष वेधायला मुद्दाम असं करतात, मेलमध्ये आपल्याला तसं काही वेधायचं नसतं.

आता हॅड. हे हॅड आपल्या मराठी माणसाचं फार लाडकं आहे, कारण आपण साधी कालची गोष्टसुद्धा ‘केला होता’, ‘गेले होते’, ‘सांगितलं होतं’ अशीच सांगतो. ‘काल मी फोन केला होता.’ मराठीत यात काही बिघडत नाही. इंग्रजीत मात्र हॅड टोल्ड म्हटलं की ऐकणारा वाट बघत बसतो, कशाच्या आधी? हॅडला मागच्या काळातल्या दोन गोष्टी लागतात आणि त्यातली जी आधी घडली तिला हॅड मिळतं. ‘व्हेन वी रीच्ड द पोर्ट, द ऑफिस हॅड क्लोज्ड’, आपण पोचायच्या आधीच बंद झालेलं. दुसरी गोष्ट नसेल तर हॅड नको. तुमच्या मेलमध्ये ‘द शिपिंग लाइन टोल्ड अस येस्टरडे’ एवढंच पुरे. नुसती ही एक सवय सुटली ना तरी तुमचं बोलणं लगेच सुटसुटीत होईल बघा.

त्याच वाक्यातलं पुढचं विल. मराठीत कुणाचं बोलणं सांगताना आपण त्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो, ‘तो म्हणाला की मी उद्या देतो’. इंग्रजीत सांगणं मागे गेलं की आतलं क्रियापदही एक पाऊल मागे जातं, विलचं वुड होतं: ‘दे टोल्ड अस दे वुड रिलीज द डिलिव्हरी ऑर्डर.’ डिलिव्हरी ऑर्डर अजून यायचीच असेल तर विल ठेवलं तरी चूक नाही, पण वुड कुठेही सेफ आहे.

शेवटचं ते इफ यू विल. आपण म्हणतो ‘पाठवाल तर’, भविष्यकाळ, म्हणून विल. इंग्रजीत इफ, व्हेन, आफ्टर, अनटिल यांच्या पुढे, नंतर होणारी गोष्ट सांगताना साधा वर्तमानकाळ ठेवतात आणि विल फक्त दुसऱ्या अर्ध्यात: ‘इफ यू सेंड द पेमेंट टुडे, वी विल क्लिअर इट टुमारो.’ ‘व्हेन द व्हेसल अराइव्ह्ज’, ‘विल अराइव्ह’ नाही. आणि ‘मला कळलं असतं तर मी सांगितलं असतं’, यात मराठीत दोन्हीकडे असतं असतं असतं म्हणून लोक दोन्हीकडे वुड हॅव टाकतात, पण इफच्या बाजूला हॅड: ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव टोल्ड यू.’ हे पाठच करून टाका, क्लायंट रागावला की लागतं.

मेल झाला. आता फोनवरची एक गोष्ट, ही तक्त्यात नसते. करी रोड स्टेशनला उभं असताना गाडी लांब वळणावर नुसती दिसली तरी आपण म्हणतो ‘आली गाडी’. घरून निघायच्या आधीच फोनवर ‘निघाले मी’. आतून हाक आली की जागेवरून न उठता ‘आले आले’. म्हणजे आता होणारच आहे ते मराठीत झालंच म्हणून सांगतात, आणि सगळ्यांना बरोबर कळतं. हेच तुम्ही क्लायंटला केलंत, त्याने डॉक्युमेंटची कॉपी मागितली, तुमच्या मनात ‘पाठवलीच समजा’ आणि तोंडातून आलं ‘आय सेंट इट’, तर तो लगेच इनबॉक्स उघडून बघणार आणि तिथे काही नाही. मग त्याला वाटतं ही बाई खोटं बोलतेय, आणि तुम्ही तर अगदी खरं बोलत होतात. अशा वेळी ‘आयम सेंडिंग इट नाऊ’. गाडीला ‘द ट्रेन इज कमिंग’. पाठवून झालं, सेंट आयटममध्ये दिसतंय, मगच ‘आय हॅव सेंट इट’ किंवा ‘आय हॅव जस्ट सेंट इट’. मला विचाराल तर अख्ख्या तक्त्यापेक्षा ही एक जागा तुमची पत जास्त सांभाळेल.

नकारात मात्र एक पक्कं लक्षात ठेवा. मराठीत ‘गेले नाही’ म्हणताना गेले तसंच राहतं, पुढे नाही लागतं, म्हणून ‘डिड नॉट वेन्ट’ येतं तोंडात. इंग्रजीत भूतकाळ डिडने उचलला की मूळ क्रियापद मोकळं, ‘डिड नॉट गो’. प्रश्नातही तेच, ‘डिड यू गेट’.

तुमचे दुबईचे क्लायंट अमेरिकन पद्धतीने बोलणारे असले तर ‘डिड यू सेंड इट ऑलरेडी?’ विचारतील, ब्रिटिश पद्धतीने बोलणारे ‘हॅव यू सेंट इट?’ म्हणतील. दोन्ही बरोबर. ऐकून गोंधळून जाऊ नका आणि नवा मुलगा यावरून काही बोलला तर त्याला हे सांगा.

त्या मुलाबद्दल. त्याने सांगितलेला नियम बरोबर होता, जागा चुकीची होती. एकदा चहाच्या वेळी शांतपणे सांगा त्याला, ‘अरे, माझं काही चुकलं तर मला नंतर सांगत जा, मला आवडेल, पण सगळ्यांसमोर नको’. न चिडता सांगा, बहुतेक मुलं समजतात आणि मग तोच तुम्हाला मेल तपासून देईल. तरीही मीटिंगमध्ये कुणी मध्येच करेक्ट केलंच तर ‘येस, आय सॉ हिम’ म्हणून पुढचं वाक्य बोलायचं, थांबायचं नाही, कस्टम्सचं काम तुम्हाला येतं म्हणूनच ती मीटिंग तुमच्या नावावर आहे.

मुलीचं मला थोडं वेगळं वाटतं. तिला पहिलीपासून इंग्रजी आहे, राज्यात २००० पासून सगळ्या शाळांत पहिलीपासून सुरू झालं ते, तुमच्या वेळी पाचवीत एबीसीडीपासून सुरुवात व्हायची. म्हणजे ती आठवीत आहे आणि तिची इंग्रजीची वर्षं तुमच्या दहावीपर्यंतच्या वर्षांपेक्षा आत्ताच जास्त झालीत. हे तिला एकदा सांगाच, आठवीची मुलगी आहे, कळेल तिला. आणि मग तिलाच कामाला लावा. रात्री जेवताना दिवसभरात काय झालं ते तिला इंग्रजीत सांगायचं, पण फक्त दुसऱ्या रूपात, आय वेन्ट, आय कॉल्ड, ही सेड, वी डिडन्ट गेट. हॅव नाही हॅड नाही वॉज गोइंग नाही. गोष्ट सांगायला इंग्रजीत हेच एक रूप पुरतं आणि ते जिभेवर बसलं की बाकीचे त्याच्या आजूबाजूला आपोआप जागा घेतात. सकाळी गाडीत जे दिसतंय ते मनातल्या मनात, भायखळा गेलं की ‘वी हॅव क्रॉस्ड भायखळा’, मस्जिद येतंय तर ‘वी आर अ‍ॅप्रोचिंग मस्जिद’, कुणी उभं आहे तर ‘शी हॅज बीन स्टँडिंग सिन्स चिंचपोकळी’. मोठ्याने नाही म्हटलं तरी चालतं.

आणि ऑफिसात, मेल पाठवायच्या आधी फक्त वेळेचे शब्द शोधा. येस्टरडे, ऑन मंडे, लास्ट वीक दिसलं की त्या वाक्यात हॅव किंवा हॅड आहे का बघा, असेल तर काढा. सिन्स किंवा फॉर दिसलं तर हॅव आहे का बघा, गोष्ट अजून चालू आहे आणि हॅव नाही तर घाला. इफ किंवा व्हेनच्या पुढे लगेच विल आहे का बघा, असेल तर काढा. अर्धं मिनिट लागत नाही आणि तुमच्या मेलमधल्या पाचातल्या चार चुका यातच पकडल्या जातात.

क्लासचं म्हणाल तर आत्ताच पैसे भरू नका. तीस दिवसांत बारा काळ कुणीही लिहून देईल, ते तुमच्या फ्रिजवर आहेतच. तुम्हाला हवंय तुमची मराठी ऐकून कुठे घसरताय ते सांगणारं माणूस आणि बोलायला वेळ, त्यामुळे बॅचमध्ये किती जण असतात आणि एका तासात प्रत्येकाला बोलायला किती मिनिटं मिळतात ते आधी विचारा. बरेच क्लास एक डेमो लेक्चर फुकट बसू देतात. तिथे तुमचा हाच मेल घेऊन जा, शिकवणाऱ्याला ‘इज लाइंग सिन्स थ्री डेज’ दाखवा आणि विचारा की हे का चुकलं. मराठीत आपण कसं म्हणतो इथपासून समजावून सांगितलं तर नाव नोंदवा, ‘नियमच आहे तसा, पाठ करा’ असं उत्तर आलं तर दुसरा क्लास बघा.